त्या आयडीचं पुढे काय झालं?

३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जनजागृती महिन्याचं उद्घाटन झालं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. अभिनेते अक्षय कुमार यांनी तिथे आपल्या घरातला एक प्रसंग सांगितला. त्यांची तेरा वर्षांची मुलगी अनोळखी माणसांबरोबर खेळता येणारा एक ऑनलाइन खेळ खेळत होती. समोरचा खेळाडू आधी गोड बोलला, छान खेळलीस म्हणाला. मग कुठली आहेस, मग मुलगा की मुलगी, आणि मुलगी असल्याचं कळताच त्याने नग्न फोटो मागितला. मुलीने सगळं बंद केलं आणि आईला जाऊन सांगितलं. यावर अक्षय कुमार यांनी मुख्यमंत्र्यांपुढे मागणी ठेवली की सातवी ते दहावीच्या वर्गांना दर आठवड्याला एक ‘सायबर तास’ असावा.

मुलीचं वागणं चोख होतं आणि मागणीही वाजवी आहे. सायबर तास जरूर सुरू करा. माझं भांडण आहे ते त्या भाषणानंतर पक्क्या झालेल्या समजुतीशी. बातम्या, चर्चा, व्हॉट्सॲपवरचे उपदेश, सगळीकडे एकच सूर लागला होता. मुलांना सावध करा, पालकांनी लक्ष ठेवावं, कोणी वाकडं बोललं तर रिपोर्ट करा, ब्लॉक करा, आणि एवढं झेपत नसेल तर खेळच बंद करा. सगळी कामं पोराला आणि आईबापांना. ज्याच्या खेळात हा प्रकार घडला, ज्याच्या सर्व्हरवरून तो मजकूर गेला, ज्याच्याकडे त्या माणसाचं खातं, फोनची ओळख, लॉगिनच्या वेळा असं सगळं पडून आहे, त्या खेळाच्या मालकाला एकही काम नाही. फोटो मागणाऱ्या त्या आयडीचं पुढे काय झालं, हे मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हतं.

आमच्या द्रोणागिरीतही हाच सूर ऐकू येतो. सिडकोने उरण तालुक्यात वसवलेला हा नोड. एका अंगाला जेएनपीएचं बंदर, दुसऱ्या अंगाला करंजाकडे उतरणारा डोंगर, मध्ये बोकडवीरा, फुंडे, नवघर अशी गावं आणि त्यांना चिकटून उभे राहिलेले सेक्टर. रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर धावतात, त्यामुळे संध्याकाळी पोरं खाली कमी आणि ऑनलाइन खेळांच्या लॉबीत जास्त. एका स्क्वाडमध्ये फुंड्याचा आगरी पोरगा असतो, बंदरावर ड्युटीला आलेल्या जवानाचा मुलगा असतो, घाटावरून बदली होऊन आलेल्या कारकुनाची मुलगी असते आणि चौथा असतो ‘रँडम’, म्हणजे देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातला, कुठल्याही वयाचा. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत लोकल धावली तेव्हा हा भाग मुंबईला जोडला गेला, असं आपण म्हणतो. पोरांच्या हिशेबाने तो त्याच्या कितीतरी आधी जगाला जोडलेला होता. त्यामुळे पालकसभेत कोणी ‘फोन काढून घ्या’ म्हटलं की मला त्यांना विचारावंसं वाटतं, काढून घेऊन पोरांना पाठवायचं कुठे? ट्रेलरच्या रांगेत?

आधी ‘मुलांना शहाणं करा’ हा मुद्दा घेऊ, कारण तो सगळ्यांत सज्जन दिसतो. मूल शहाणं झाल्यावर काय होतं, याचा नमुनाच आपल्यासमोर आहे. त्या तेरा वर्षांच्या मुलीने सायबर तासात जे जे शिकवता येईल ते सगळं आधीच केलं होतं. बोलणं तोडलं, फोटो दिला नाही, लपवलं नाही, आईला सांगितलं. विद्यार्थिनीला शंभरपैकी शंभर. आणि तरीही तो माणूस त्याच संध्याकाळी दुसऱ्या लॉबीत दुसऱ्या मुलीला ‘वेल प्लेड’ म्हणत बसला असेल, तर त्याला रोखणारं काय होतं? शिकवणीने आपलं मूल वाचतं. शेजारच्या इमारतीतलं, अजून तास न शिकलेलं मूल वाचत नाही.

आता बटण. ‘रिपोर्टची सोय दिलीय ना’ हे कंपन्यांचं लाडकं वाक्य. पोरं तर हे बटण हत्यारासारखं वापरतात. कोणी नेम फार चांगला धरला की लगेच ओरडा होतो, ‘हॅकर आहे रे, रिपोर्ट मारा याला.’ पण बटण दाबल्यावर आत काय होतं, हे पोरांना माहीत नसतं आणि आईबापांना त्याहून नसतं.

साधारण असं होतं. सामना संपला की कारणांची एक यादी येते: चीटिंग, शिवीगाळ, सामना सोडून जाणं, आक्षेपार्ह नाव. तुम्ही एक कारण निवडता. तक्रार एका रांगेत जाते. लिहिलेला मजकूर असेल तर शब्दांची चाळणी आणि त्यावर बसवलेलं यंत्र तो तपासतं. पूर्वी खोट्या तक्रारी करणाऱ्याच्या शब्दाला कमी वजन, खऱ्या करणाऱ्याला जास्त, असा हिशेब बऱ्याच ठिकाणी असतो. दहा जणांनी एकदम रिपोर्ट मारला म्हणून शिक्षा दहापट होत नाही. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ चालवणारी रायट ही कंपनी खेळाडूंना सांगत आली आहे की खरी तक्रार एकही पुरते. बहुतेक निकाल यंत्रच लावतं आणि माणसाच्या डोळ्यासमोर त्यातला थोडाच भाग येतो. बोलणं माइकवरून झालं असेल तर ते साठवलेलं असेलच असं नाही, आणि नसेल तर तक्रारीला पुरावाच उरत नाही. शेवटी तक्रारदाराला काय मिळतं? फार तर एक आभाराचा संदेश. क्रमांक नाही, पोच नाही, निकाल नाही, निकालाचं कारण नाही. काही खेळ ‘तुम्ही तक्रार केलेल्या खेळाडूवर कारवाई झाली’ असं कळवतात. कोणावर, कशासाठी, किती, ते तिथेही नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं की रोज येणाऱ्या तक्रारींचा ढीग एवढा असतो की प्रत्येक कोण बघणार. मला हे उत्तर मान्य नाही. का, ते चीटिंगच्या बाबतीत याच कंपन्या काय करतात ते बघितलं की कळेल. रायटने २०२० मध्ये ‘व्हॅलोरंट’बरोबर व्हॅनगार्ड नावाची राखणदार प्रणाली आणली. ती संगणक सुरू होतानाच, ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आतल्या थरात जाऊन बसते. खेळाडूंनी त्यावर आरडाओरडा केला, पण कंपनी हलली नाही. ‘पबजी मोबाइल’मध्ये चीटिंगला दहा वर्षांची बंदी दिली जाते. पबजीचीच भारतीय आवृत्ती असलेला ‘बीजीएमआय’ चालवणारी क्राफ्टन बंदी घातलेल्या खात्यांचे आकडे जाहीर करते. कुठल्या फोनवरून चीटिंग झालं ते ओळखून तो फोनच बाद करायची सोय आहे. भिंतीआडून नेम धरणाऱ्याच्या बोटाची चाल यांना कळते, आणि लहान मुलीकडे फोटो मागणाऱ्याची सरळ वाक्यं मात्र ढिगात हरवतात! चीटिंगने खेळाडू पळतात, स्पर्धा बुडतात, स्किन, म्हणजे खेळातले पोशाख आणि सजावट, विकल्या जात नाहीत. म्हणून तिथे पैसा आणि माणसं लागतात. पळून गेलेल्या एका मुलीने महसुलाला धक्का लागत नाही.

यंत्राला जे मोजता येतं तेच ते शिस्तीने मोजतं, याचा आणखी एक पुरावा आमच्याकडे पावसाळ्यात रोज मिळतो. टीमने खेळायच्या बऱ्याच खेळांत सामना अर्धवट सोडला की गुण कापले जातात, आणि वारंवार घडलं तर टीममध्ये खेळायलाच बंदी येते. नियम चांगला आहे, कारण एकाने सोडलं की बाकीच्यांचा विचका होतो. पण जोराचा पाऊस आला, वीज गेली, राउटर बंद पडला, की आमचा पोरगा यंत्राच्या लेखी पळपुटा ठरतो. शिक्षा तत्काळ, आपोआप, कोणी रिपोर्ट न मारताही. त्याच सामन्यात त्याच्या आईवरून शिव्या घालणारा रँडम पुढच्या लॉबीत आरामात उतरलेला असतो.

मग म्हणतात, आता एआय आलंय, ते बोलणंही ऐकेल. ऐकतंही. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ने ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस टॉक्समॉड नावाची प्रणाली उत्तर अमेरिकेत इंग्रजीसाठी सुरू केली. माइकवरचं बोलणं ऐकून द्वेषाचे शब्द, छळ, धमक्या हेरायच्या, हे तिचं काम. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला नवा खेळ आला तेव्हा ती जगभर लावली गेली. जगभर, आशिया वगळून. ही चूक की धोरण, यावर वाद घालायची गरज नाही. कोणाचे कान आधी आणि कोणाचे नंतर, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

उद्या ती प्रणाली इथे आली तरी ऐकणार काय? आमच्या स्क्वाडमधली भाषा म्हणजे मराठी, हिंदी, आगरी आणि खेळातलं इंग्रजी यांची भेळ, आणि लिहायची वेळ आली तर रोमन अक्षरांत. फुंड्याचे दोन जिवलग मित्र एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती ऐकून पुण्याचा माणूस मध्ये पडेल की आता मारामारी होणार. ती त्यांची रोजची माया असते. यंत्र त्या मायेला शिवीगाळ ठरवेल. आणि दुसरीकडे कोणी अगदी मवाळ आवाजात ‘तुझं पूर्ण नाव काय रे, आडनाव काय’ असं दोनदा विचारतो, आणि मग खेळात कोणी कुठे उभं राहायचं ते त्यावरून ठरवतो. जातीची चौकशी कशी होते हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कुठल्याही शब्दसूचीत ते सापडणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तो ३ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे अक्षय कुमार यांच्या त्या भाषणाच्या बरोबर एक वर्ष आधी. अभिजात मराठीत केलेली तक्रार वाचून समजून घेणारा माणूस या खेळांनी ठेवलाय का, हा प्रश्न त्या दर्जाच्या सोहळ्यांत कोणालाच सुचला नाही.

त्या मुलीच्या प्रसंगात तर भाषेचाही अडथळा नव्हता, तरी चाळणी शेवटच्या वाक्यापर्यंत गप्पच राहिली असती. छान खेळलीस, कुठली आहेस, मुलगी आहेस का: यातला एकही शब्द वाईट नाही. वाईट आहे तो क्रम. असा माणूस आणखी हुशार असेल तर शेवटचं वाक्य खेळात उच्चारतच नाही. ‘इथे नको, डिस्कॉर्डवर ये’ किंवा ‘इन्स्टा दे’ म्हणतो आणि मुलीला खेळाच्या हद्दीबाहेर नेतो. मग खेळवाले म्हणतात आमच्याकडे काही घडलं नाही, आणि पलीकडचे म्हणतात ओळख आमच्याकडे झाली नाही. हा क्रम ओळखायला मुलांशी वागण्याची समज असलेला, इथली बोली जाणणारा माणूस लागतो. त्या माणसापुढे योग्य कागद आणून ठेवणं, एवढंच यंत्राचं काम.

माणसं लावून हे होतच नाही, असं कोणी सांगू नये. होऊन गेलंय. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ने २०११ मध्ये ‘ट्रायब्युनल’ सुरू केलं होतं. जुन्या खेळाडूंना तक्रारींची कागदपत्रं, संभाषणासकट, वाचायला मिळत आणि ते शिक्षा की माफी यावर मत देत. कंपनीच्या लोकांचा अनुभव असा होता की शिक्षा झालेल्याला त्याचंच बोलणं समोर ठेवून कारण सांगितलं, तर तो सुधारण्याची शक्यता वाढते. पुढे निकालाला वेळ लागतो म्हणून २०१४ मध्ये ती पद्धत बंद पडली. व्हॉल्व्ह या कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये २०१३ ला वेगळी रीत आणली. अनुभवी खेळाडूला संशयिताचा खेळ पुन्हा दाखवायचा, नाव झाकून, बोलणं काढून, आणि त्याने निकाल द्यायचा. कोणाचे निकाल कितपत बरोबर ठरतात यावर त्याच्या मताचं वजन. दोन्ही पद्धती सदोष होत्या. पण तक्रार कोणीतरी वाचतं, एवढं तरी खेळाडूला दिसत होतं.

उरण-पनवेलच्या पट्ट्यात हिवाळ्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पंचाला शिवी दिली, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर गेलं, की मंडळाचे कार्यकर्ते मैदानात येतात, दोघांचं ऐकतात, आणि निर्णय माइकवरून सगळ्या मैदानाला ऐकू येतो. संघाला पटला नाही तर तो मंडळाकडे दाद मागतो. मैदान गावाचं, नियम मंडळाचे, आणि तरीही मंडळ कधी असं म्हणत नाही की तुमची तक्रार मिळाली, धन्यवाद, पुढचं आम्ही बघू. खेळ भरवणाऱ्याने पंच द्यायचा असतो, ही अपेक्षा आम्ही ज्या पोरांना शिकवली तीच पोरं आता अशा मैदानावर खेळतात जिथे पंचाचं तोंड कधीच दिसत नाही.

आता दुसरी बाजू, कारण तीही आमचीच पोरं आहेत. चांगलं खेळणाऱ्या पोरावर गटाने रिपोर्ट मारले जातात. वजनाचा हिशेब असला तरी यंत्र चुकतं. वर्षभर घरच्यांकडून मिळालेल्या दिवाळीच्या, वाढदिवसाच्या पैशांनी जमवलेल्या स्किन असलेली आयडी एका सकाळी बंद होते. ‘नियमभंग’ एवढंच कळतं. कोणता नियम, कोणत्या सामन्यात, कोणत्या वाक्याने? युरोपीय संघातल्या खेळाडूला हे विचारण्याचा हक्क आहे. तिथल्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टने कंपन्यांना कारवाईचं नेमकं कारण कळवायला आणि अंतर्गत दाद मागायची सोय द्यायला लावली आहे, आणि १७ फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा पूर्णपणे लागू आहे. त्याच खेळात, त्याच नकाशात खेळणाऱ्या द्रोणागिरीच्या पोराला फक्त लाल अक्षरातली एक ओळ. तक्रारदाराला पोच आणि आरोपीला कारण, या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध नाहीत. दोन्ही नसल्या की फायदा एकाच पक्षाला होतो, आणि तो पक्ष खेळत नाही.

काही जाणकार इथे खासगीपणाचा मुद्दा काढतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सगळ्या मुलांचं बोलणं कायम ध्वनिमुद्रित करून ठेवणं म्हणजे एका संकटाच्या जागी दुसरं. पण ‘सगळं ऐका’ आणि ‘काहीच ऐकू नका’ यांच्या मधली वाट सापडलेली आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये अलीकडची काही मिनिटं यंत्रातच राहतात आणि तक्रार करणारा त्यातला ४० सेकंदांपर्यंतचा तुकडा जोडू शकतो. एक्सबॉक्सने २०२३ मध्ये ६० सेकंदांची अशीच सोय दिली. मुद्रण तुमच्याजवळ, पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. आमच्याकडची बहुतेक मुलं खेळतात ती स्वस्त अँड्रॉइड फोनवर, आणि ही सोय आहे ती महागड्या कन्सोलवर. तंत्र अवघड आहे म्हणून फोनवर नाही, असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

राहिला बंदीचा उपाय. तो आपल्याला फार आवडतो, कारण त्यात एकदा सही केली की काम संपल्यासारखं वाटतं. २ सप्टेंबर २०२० ला पबजीसह ११८ ॲप बंद झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’ हा खेळ गेला. जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय ॲपच्या दुकानांतून गायब झालं आणि मे २०२३ मध्ये अटींसह परत आलं. या बंदींमागे देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती परदेशात जाणं ही कारणं होती. मुलांशी कोण काय बोलतं हा विषयच त्यांत नव्हता. मुलांनी काय केलं? एक बंद झालं की दुसरं घेतलं, कोणी आडवाटेने जुनंच चालू ठेवलं. आडवाटेने चाललेल्या खेळात छळ झाला तर मूल तक्रार कोणाकडे करणार? आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करावा लागेल. परत आलेल्या बीजीएमआयमध्ये अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. मर्यादा ठीक आहे, पण त्या मुलीकडे फोटो मागायला तीन तास लागले नव्हते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. त्याचा जवळजवळ सगळा भर पैसे लावून खेळायच्या खेळांवर. जुगाराने घरं बुडतात, कायदा हवाच होता. आमच्या राज्यातही ऑनलाइन खेळांवरची सर्वांत गाजलेली चर्चा पत्त्यांवरच झाली. जुलै २०२५ मध्ये सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर झाला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात बाजूला सारत होतो, असं त्यांचं म्हणणं. वाद वाढला, खातं बदललं आणि त्यांना क्रीडा खातं मिळालं. विनोद करायचा मोह मी आवरतो. मुद्दा असा की पैसे न लावता, नुसतं मित्रांबरोबर खेळणारं जे मूल आहे, त्याच्यासाठी या चर्चेत जागाच झाली नाही.

गंमत म्हणजे त्याच्यासाठी नवा कायदा करायचीही फारशी गरज नाही. अठराखालच्या मुलाकडे असा फोटो मागणं हा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. त्या कायद्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, आणि न कळवणं हाही गुन्हा आहे. २३ सप्टेंबर २०२४ ला जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रेन अलायन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कंपन्यांनाही लावलं. तो खटला मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबद्दल होता. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं कवच हवं असेल, तर मजकूर काढण्याबरोबरच पोलिसांना कळवण्याचीही जबाबदारी पाळावी लागेल, असं न्यायालयाने सांगितलं. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावला, तेव्हा २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत घातली, आणि काढून टाकलेल्या मजकुराची नोंद तपासासाठी १८० दिवस जपायला सांगितलं. २०२३ पासून त्यावर अपील समित्याही आहेत.

हे सगळं कागदावर असताना खेळातलं रिपोर्टचं बटण या व्यवस्थेला जोडलेलं नसतं. तुम्ही बटण दाबलं तर ती खेळाची अंतर्गत बाब समजली जाते. कायद्यातली तक्रार करायची तर संकेतस्थळाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, इंग्रजीत दिलेला पत्ता शोधून ईमेल लिहायचं. तेरा वर्षांच्या मुलीने! आणि बटणावर समजा कारवाई झालीच तर ती असते आयडी बंद करण्याची. तो माणूस पाच मिनिटांत नवी आयडी काढतो. चीटिंग करणाऱ्याचा फोन ओळखून बाद करणारे, मुलांच्या मागे लागणाऱ्याची फक्त आयडी बंद करतात आणि पोलिसांना एक ओळ लिहीत नाहीत, तेव्हा ते मुलीला वाचवत नाहीत, माग पुसतात.

म्हणून मागणी करायची तर राज्य सरकारने सायबर तासाबरोबर हेही मागावं. ज्या खेळात अनोळखी माणसं मुलांशी बोलू शकतात, त्यातलं रिपोर्टचं बटण म्हणजेच कायद्यातली तक्रार, असं केंद्राकडून वदवून घ्यावं. बटण दाबताच क्रमांक मिळावा, निकाल दोन्ही बाजूंना कारणासह आणि त्यांच्या भाषेत कळावा, आणि मुलाच्या लैंगिक छळाची तक्रार थेट पोलिसांपर्यंत जावी. महाराष्ट्र सायबरचं मोठं केंद्र आमच्याच नवी मुंबईत, महापे इथे उभं आहे. खेळांच्या कंपन्यांकडून अशा तक्रारी तिथे यायची वाट बांधणं हे अंतराळविज्ञान नव्हे. कंपन्या म्हणतील खर्च वाढेल. वाढू दे. भारताला त्या आपली मोठी बाजारपेठ म्हणतात, तर बाजारात दुकान मांडणाऱ्याने पंचाचा खर्चही सोसावा.

तोवर पालकांना एवढंच सांगणं आहे. मुलाने असं काही सांगितलं तर आधी ब्लॉक करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, खेळाडूच्या नावाचा नव्हे तर त्याच्या आयडीच्या क्रमांकाचा, कारण नाव रोज बदलता येतं. सामन्याची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. मग १९३० किंवा १९४५ या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि त्याच दिवशी खेळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, मराठीत. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत अपील समितीकडे जा. आणि हे सगळं करताना मुलाचा फोन शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.